‘दोष माझाच’ : एका काळोख्या विचाराचा इतिहास

मराठी स्त्रीलेखनाच्या अभ्यासकाला 1882 हे साल दोन पुस्तकांसाठी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून छापून बाहेर पडले. त्याच वर्षी, जून महिन्यात, नुकत्याच विधवा होऊन बंगालमधून पुण्यास आलेल्या पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. एक बाई वऱ्हाडातील मराठा कुटुंबातली. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकुनीत व सत्यशोधक विचारांचे. दुसरी चित्पावन ब्राह्मण, पुराणे मुखोद्गत असलेली, साऱ्या हिंदुस्थानभर पायी फिरलेली. पुढे तीन वर्षांनी, 1885 साली, जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक काढले. पहिल्यात त्यांनी रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्याची बाजू घेतली आणि दुसऱ्यात ताराबाईंच्या पुस्तकाची. त्या काळच्या पुण्यात दोघींनाही एकाच माणसाने पाठीशी घालावे, ही गोष्ट वाटते तितकी योगायोगाची नाही. दोघी एकाच विचाराशी झगडत होत्या.

तो विचार म्हणजे ‘दोष माझाच’.

हल्ली ‘नकारात्मक विचार’ असा एक शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ झाला आहे. कोणत्याही एस.टी. स्थानकावरील पुस्तकांच्या टपरीत ते विचार घालवून देण्याचा हमखास उपाय सांगणारी चार-दोन पुस्तके मिळतात. धार्मिक प्रवचनांतही ही परिभाषा आता सर्रास ऐकू येते. या परिभाषेची एक अडचण अशी की, ती विचाराचा उगम विचार करणाऱ्याच्याच डोक्यात शोधते. 2006 साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. अशा जिल्ह्यात बसून निराशेला केवळ मनाची वाईट सवय म्हणणे फार सोपे आहे, आणि फार अन्यायाचेही. काही विचार माणसाला शिकवलेले असतात. त्यांना ग्रंथ असतो, परंपरा असते, ते पाठ करवून घेणारी माणसे असतात. असा विचार श्रद्धेने दूर होतो असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या आत्मकथनांइतके चांगले साधन दुसरे नाही.

रमाबाईंपासून आरंभ करणे भाग आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलींना संस्कृत शिकवले, हे आपण कौतुकाने सांगतो. परंतु त्या शिक्षणातून मुलीच्या हाती काय आले, याकडे सहसा पाहत नाही. 1907 साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी ते स्पष्ट सांगितले आहे. धर्मशास्त्रे, पुराणे, महाकाव्ये आणि त्या काळचे पुराणिक एरवी कितीही भांडत असले, तरी दोन गोष्टींवर त्यांचे एकमत होते : स्त्रीजात मुळातच अपवित्र आहे, आणि तिला पुरुषाप्रमाणे स्वतंत्रपणे मोक्ष नाही, पतीची सेवा हीच तिची एकमेव वाट. ज्या मुलीला ग्रंथ वाचता येत नव्हते तिला हा विचार ऐकीव होता. रमाबाईंना तो मुळातून वाचता येत होता. विद्येने त्यांचा काळोख कमी केला नाही, त्याला आधार पुरवला.

त्यावर आघातांची रांग. 1870 नंतरच्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात हे कुटुंब तीर्थातीर्थांतून भटकत होते. पुण्य मिळावे म्हणून होता नव्हता तो पैसा दानधर्मात गेला. अखेर खाण्यास पाने आणि रानफळे उरली. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला होता, हे रमाबाईंनी दुष्काळाच्या आठवणींत नोंदवले आहे. वडील, आई आणि मोठी बहीण काही काळाच्या अंतराने गेली. भाऊ श्रीनिवास 1880 मध्ये ढाक्यास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने तेही गेले. वयाची चोविशी पुरी होण्याच्या आत, कडेवर मनोरमा नावाची लहान मुलगी घेऊन ही बाई एकटी उभी होती. शास्त्राच्या हिशेबाप्रमाणे या सर्वांचा अर्थ एकच निघत होता आणि तो तिच्याच खात्यावर मांडला जाणार होता. विधवेने नवरा ‘खाल्ला’ ही बोली अजून आपल्या कानांआड गेलेली नाही.

‘स्त्रीधर्मनीति’ या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्यातील एक चमत्कारिक गोष्ट उमगते. स्त्रियांच्या उन्नतीसाठी लिहिलेल्या या पुस्तकाचा सूर बराचसा स्त्रियांनाच दोष देणारा आहे : तुम्ही अज्ञानी आहात, आळशी आहात, स्वावलंबन करा. वर्गात हे पुस्तक ‘स्त्री-पुरुष तुलने’शेजारी ठेवून शिकवताना विद्यार्थिनी नेहमी थबकतात, एवढी विदुषी आणि असे लिहिते? परंतु बाई अजून जुन्याच ग्रंथाच्या आत उभ्या होत्या. ताराबाई मात्र त्या ग्रंथाच्या बाहेर कधीच येऊन बसल्या होत्या. सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येसाठी 1881 मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांत साऱ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली तिने ताराबाईंची लेखणी पेटली. स्त्रियांना चिकटवलेला एकेक दुर्गुण हातात घ्यायचा आणि तो पुरुषांच्या अंगी कसा अधिक शोभतो हे दाखवायचे, ही त्यांची पद्धत. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, पण बायकोसाठी यमाकडे गेलेला नवरा कोणी ऐकला आहे काय, हा त्यांचा प्रश्न आजही वर्गात हशा पिकवतो; मग हळूहळू शांतता पसरते. ‘दोष माझाच’ या विचाराला ताराबाईंनी दिलेले उत्तर ‘दोष तुमचा’ असे होते. त्यात श्रद्धेची मदत फारशी नव्हती. देवालाही त्या खडसावतच बोलतात.

रमाबाईंचे उत्तर वेगळ्या वाटेने गेले आणि त्याला फार वेळ लागला.

1883 मध्ये ‘स्त्रीधर्मनीती’च्या विक्रीच्या पैशांतून त्या इंग्लंडला निघाल्या आणि वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची सखी होती. तिथे जे घडले ते रमाबाईंच्या अनेक चरित्रांत दोन ओळींत आटोपलेले असते. आपल्याला बळाने ख्रिस्ती करतील, या भीतीने आनंदीबाईंच्या मनाचा ताबा घेतला. एका रात्री त्यांनी रमाबाईंचा गळा आवळण्याचा प्रयत्न केला आणि त्यानंतर स्वतः विष घेऊन जीवन संपवले. पुढे रमाबाई ऑक्सफर्डला मॅक्स म्युलर यांच्या घरी गेल्या, तेव्हा त्यांना रात्री खोलीत एकटे झोपवत नसे. सोबतीला एका मोलकरणीला निजावे लागे, असे म्युलर यांनी नमूद केले आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ही तारीख आणि त्या रात्रीची छाया एकमेकींना लागून आहेत. आनंदीबाईंना जे झाले त्याला आज आपण आजार म्हणू आणि वैद्याकडे नेऊ. त्यांच्या बाबतीत धर्मांतराची भीतीच काळोख झाली होती, हे विसरून रमाबाईंच्या श्रद्धेची कहाणी सांगणे अर्धवट ठरेल. एकाच छपराखाली, एकाच ऋतूत, एकीला जी वाट वाटली तीच दुसरीला कडेलोट वाटली.

मग रमाबाईंना ती वाट का वाटली? त्यांनी स्वतः दिलेले कारण सिद्धान्ताचे नाही. लंडनमधील फुलहॅम येथे त्या भगिनींनी चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा दिला जाई. हिंदू शास्त्रांप्रमाणे अशा स्त्रियांना दया नव्हती, कठोर शिक्षा होती. या बायकांविषयी तुम्हांला ममता वाटते ती का, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवला : विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. मराठी वाचकाला या प्रसंगाची धार चटकन कळावी. परजातीची, वाईट चालीची समजली गेलेली बाई. तिच्या हातचे पाणी मागणारा गुरू. आणि धर्माचे सर्वांत गहन बोलणे तो तिच्याशीच करतो. रमाबाईंना आयुष्यभर पाठ असलेल्या ग्रंथांसमोर ठेवता येईल असा दुसरा ग्रंथ येथे मिळाला. पुराणिकाच्या मुलीने पुराणाला उत्तर कथेनेच दिले. मनातील अपवित्रतेचा विचार ‘घालवण्या’ची कसरत त्यांनी केली नाही, त्या विचाराला ज्या वाचनाचा आधार होता, ते वाचन त्यांनी बदलले.

अर्थात येथे गोष्ट संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 साली ए. बी. शहा यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना दिसते ती नुकतीच शांती लाभलेली भाविक स्त्री नव्हे. त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका, चर्चच्या अधिकारावर शंका, मनोरमेच्या संगोपनावरून वाद, खाण्यापिण्याच्या नियमांवरून खटके. एका पौरोहित्याच्या जुवाखालून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली ती दुसऱ्याच्या जुवाखाली घालण्यासाठी नव्हे, हा त्या पत्रांचा गाभा. सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. आम्हांला मात्र याच पत्रांत रमाबाई सर्वांत निरोगी दिसतात. ज्या स्त्रीला आपला शब्द मुळातच अपवित्र असे शिकवले गेले होते, ती बिशपांच्या मताविरुद्ध स्वतःच्या सदसद्विवेकाचा दाखला देते आहे. श्रद्धेने तिला दिलेली पहिली गोष्ट म्हणजे श्रद्धेच्या अधिकाऱ्यांशी भांडण्याचे बळ.

मनाची खिन्नता त्यानंतरही होतीच. साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. पापाचा भार तसाच होता. 1891 च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ स्वतः चर्चचे पाद्री असूनही आपल्याला खरी श्रद्धा नव्हती असे सांगतात. त्या वाचनानंतर रमाबाईंना क्षमेची खात्री पटली. येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. आधी गडद अंधार, मग एक क्षण, मग लख्ख प्रकाश, हा प्रॉटेस्टंट साक्षीचा ठरलेला साचा आहे; आणि रमाबाईंनी ही साक्ष मुक्ती मिशनमध्ये 1905 साली उसळलेल्या धर्मजागृतीनंतर लिहिली आहे. 1880 नंतरची पत्रे आणि 1907 ची साक्ष यांतील अंतर हे जगलेला काळ आणि सांगितलेला काळ यांतील अंतर आहे. साक्ष खोटी आहे, असे येथे म्हणायचे नाही. परंतु साच्यामुळे मधली आठ वर्षे रिकामी वाटतात, आणि त्याच आठ वर्षांत त्यांनी अमेरिका पाहिली, ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ लिहिले, 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. मनावर भार असतानाच हे सारे झाले. आधी मन निर्मळ करा, मग कामाला लागा, असे सांगणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

या वाटेची किंमतही त्यांनी मोजली. शारदा सदनातील मुली प्रार्थनेला बसतात, या कारणावरून 1893 मध्ये रानडे व भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि मराठी सुधारकांच्या जगापासून रमाबाई तुटल्या. पुढे त्यांच्या लेखनात हिंदू परंपरेविषयी जो एकेरी कडवटपणा येतो तो आम्हांला त्यांच्या विद्वत्तेला साजेसा वाटत नाही. ज्यांनी संस्कृत अशी आतून जाणली होती, त्यांनी त्या परंपरेतील भिन्न स्वर पुढे अजिबात ऐकू नयेत, ही मराठी वाङ्मयाची हानीच होय.

ही उणीव दुसऱ्या एका घराने भरून काढली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस झाला. आपण ख्रिस्ताकडे गेलो ते तुकोबांनी बांधलेल्या सेतूवरून, असे ते म्हणत. याकडे केवळ समन्वयाचे सुभाषित म्हणून पाहू नये. मराठी भक्तिपरंपरेत निराशा बोलून दाखवण्याची सोय आहे. तुकोबा देवाशी भांडतात, रडतात, आपली नीचता उघडी करतात, देवाला निष्ठुर म्हणतात. जुन्या करारातील स्तोत्रकर्तेही असेच करतात. टिळकांच्या ख्रिस्ती अभंगांत या दोन परंपरा भेटल्या. त्यामुळे मराठी ख्रिस्ती उपासनेला खिन्नतेची स्वतःची भाषा मिळाली, परकी गोडगोड भाषांतरित भाषा तिच्यावर कायमची बसली नाही. टिळक स्वतः काही शांत पुरुष नव्हते. त्यांचा संताप, त्यांचे घर सोडून निघून जाणे प्रसिद्ध आहे. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला तोही अस्वस्थतेतूनच. 1919 मध्ये ते वारले.

परंतु या घरातील खरा अभ्यासविषय आहेत लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ आठवावा. 1857 च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली, त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यावयाची नाही, विटाळाची सतत धास्ती, घरातल्या बायकामुलांचा छळ. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात, म्हणून आपणही हसतो. पण त्यांनी येथे एक फार खोल गोष्ट टिपली आहे. सत्तेच्या भीतीतून एका माणसाच्या मनात शिरलेला काळोख धर्माचे वस्त्र पांघरून साऱ्या घरावर कसा पसरतो, हे मराठीत इतक्या थोड्या शब्दांत अन्यत्र सांगितलेले नाही.

त्याच सोवळ्यात वाढलेली ही बाई नवरा ख्रिस्ती झाल्यावर मुलाला घेऊन काही वर्षे वेगळी राहिली. तिच्या दुःखाचे वर्णन वाचताना हसू थांबते. पुढे ती टिळकांकडे परत आली ती ख्रिस्ती होऊन नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. मग राहुरीस असताना एके दिवशी विचार करता करता तिच्या मनाने घेतले की जाती देवाने केल्या नसाव्यात; जन्म, मरण, हाडामांस सर्वांचे सारखेच. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे तिने ठरवले. 1900 साली तिचा बाप्तिस्मा झाला. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी स्वतःच्या बुद्धीने विटाळाचे भय गेले, श्रद्धा त्याच्या मागून आली. प्रकाशाचा लख्ख क्षण ‘स्मृतिचित्रे’त नाही, पाण्याचा तांब्या आहे, चूल आहे, आणि त्यांच्याभोवती हळूहळू सैल होत गेलेली एक गाठ आहे. रमाबाईंची साक्ष साच्यात बसते, लक्ष्मीबाईंची बसत नाही; कदाचित म्हणूनच अख्ख्या महाराष्ट्राने ‘स्मृतिचित्रे’ आपले मानले आणि रमाबाईंना दीर्घ काळ दूर ठेवले. टिळकांमागे त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले. वैधव्याचा शोक त्यांनी ओव्यांत खर्च केला.

आता पुन्हा वऱ्हाडाकडे. मार्कस व जेनी फुलर हे अमेरिकन मिशनरी जोडपे 1880 नंतरच्या दशकात अकोल्यास आले, पुढे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम या भागात वाढले आणि दुष्काळाच्या काळात खामगावला मुलींचा अनाथाश्रम उभा राहिला. खामगाव तालुका तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. 1905 च्या फेररचनेत तो बुलढाण्यात आला. जेनी फुलर यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1900 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याला प्रस्तावना आहे पंडिता रमाबाईंची. म्हणजे ताराबाईंच्या बुलढाण्यापासून दिवसभराच्या बैलगाडीच्या वाटेवर, त्यांच्याच हयातीत, दुष्काळाने टाकलेल्या मुलींना शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली जात होती. मिशनच्या पुस्तकांत हिंदू समाजाचे जे चित्र रंगवले गेले त्यात परकी नजरेचा आणि वर्गणी मिळवण्याच्या गरजेचा वाटा आहे, हे खरेच. पण त्या अनाथ मुलीला ‘तू पांढऱ्या पायाची’ असे न म्हणणारे एक घर मिळाले, हेही तितकेच खरे.

ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलने’नंतर काही प्रसिद्ध केले नाही. पुस्तकावर झालेली टीका आणि फुल्यांनी घेतलेली बाजू, दोन्ही त्यांच्या पुढील मौनात विरून गेली. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापले, तेव्हा कुठे मराठीचे वर्ग त्याच्याकडे वळले. रागाने काळोखाला उत्तर देता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पण त्या रागाभोवती माणसे जमवणारी संस्था त्यांच्यापाशी नव्हती, प्रार्थनेची वेळ नव्हती, रोज उठून जायचे असे काम नव्हते. रमाबाईंपाशी ते होते. केडगावच्या मुक्ती सदनात 1900 च्या दुष्काळानंतर सुमारे दोन हजार स्त्रिया आणि मुले राहत होती. तेथे विणकाम होते, शेती होती, छापखाना होता.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर, म्हणून अर्धशिक्षित बायकांना ते कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या. त्यांचे बायबल 1924 साली पूर्ण छापून झाले. त्याचे खिळे जुळवण्याचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले होते. त्यांतल्या कित्येकींना नवरा आपल्याच पापाने मेला असे लहानपणापासून सांगितले गेले होते.